लाल दोऱ्याचा कंडेन्सर

लग्न होऊन मी धुळ्याला आले आणि महिना उलटायच्या आत धाकट्या दिरानं मला विजेचा झटका दिला. मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते. भाऊजी कारखान्याच्या दारातून आले, "वहिनी, धरा!" म्हणाले आणि अंगठ्याएवढी एक पत्र्याची नळी माझ्याकडे भिरकावली. मी ती झेलली मात्र, कोपरापर्यंत हात असा काही झणझणला की सूप एकीकडे, मी एकीकडे आणि ज्वारी सगळ्या अंगणात. भाऊजी पोट धरून हसत होते. मी घाबरले आणि रागावले, दोन्ही एकदमच. जळगावला माझ्या माहेरी माणसं एकमेकांना खडीसाखर द्यायची, असलं काही फेकून मारायची नाहीत.

राग गेल्यावर मात्र मला राहवेना. नळीला ना तार जोडलेली, ना बॅटरी. मग तिच्यात वीज आली कुठून? मी ती उचलून पुन्हा हात लावून पाहिला, तर आता काहीच नाही. सगळी वीज माझ्या अंगातून गेली होती.

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना आणि मागचा भाग म्हणजे आमचा संसार. मधे एक गोणपाटाचा पडदा. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. घरात सासूबाई, हे, मी आणि भाऊजी. भाऊजी धुळे ते जळगाव या रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचे. खाकी शर्टाच्या खिशावर पितळी बिल्ला लावलेला असायचा. सरकारनं दिलेला तो बिल्ला म्हणजे त्यांचं सगळं काही होतं. शर्ट मळका असला तरी बिल्ला चिंचेनं घासलेला. बिल्ला नसला तर मोटार चालवता येत नाही, आणि मोटार चालवण्याखेरीज भाऊजींना दुसरं काही येतही नव्हतं आणि नकोही होतं.

त्या नळीला कंडेन्सर म्हणतात हे यांनी मला सांगितलं. ती काय करते ते मात्र त्यांना नीट सांगता येईना. शेवटी मोटेवर गाडी आली. हे म्हणाले, "विहिरीवर मोट रिकामी होते तेव्हा पाणी एकदम थेट पाटात पडतं का? नाही. आधी थारोळ्यात पडतं. थारोळं नसलं तर पाण्याच्या लोंढ्यानं पाटाची माती उखडून जाईल. इंजिनात वीज अशीच तोडावी लागते, सारखी सारखी. दोन टिकल्या उघडतात, मिटतात. उघडल्या की वीज थांबते, पण ती सरळ थांबत नाही, लोंढ्यासारखी उडी मारते. तो लोंढा हा कंडेन्सर आपल्या पोटात घेतो. मग टिकल्या जळत नाहीत, आणि वीज झटकन तुटल्यामुळे प्लगला ठिणगी जोरदार पडते. हा नसला तर टिकल्यांवर निळा जाळ होतो, मोटार ठसकते आणि मध्येच कुठेतरी बसते." शेतात वाढलेल्या माणसाला शेतातलीच उपमा सुचायची. मला ती पटली.

कंडेन्सर तपासायची त्यांची रीत मी रोज बघायची. चालू इंजिनाच्या प्लगच्या तारेला कंडेन्सरचं टोक क्षणभर टेकवायचं, पत्र्याचं अंग फडक्यानं धरायचं. मग तो बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता ठेवायचा. नंतर त्याचं तेच टोक त्याच्याच पत्र्याला लावायचं. चट् असा आवाज झाला आणि टपोरी ठिणगी उडाली तर माल चांगला. काहीच झालं नाही तर त्याच्या पोटातली वीज आतल्या आत गळून गेली, तो फेकायचा. भाऊजींनी माझ्यावर फेकला होता तो पहिल्या जातीचा होता.

लढाई सुरू झाली आणि सगळ्याच वस्तूंची चणचण झाली. पेट्रोलला परवाना आला. काही मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या आल्या आणि त्या धूर ओकत चढ चढू लागल्या. सुटे भाग तर मुंबईलाच मिळेनात, धुळ्याला कुठून येणार? कंडेन्सर विलायतेहून यायचे, ते बंद. पारोळ्याच्या रस्त्याला मोटारी ठसकत उभ्या राहू लागल्या. एक दिवस यांनी चिडून एक मेलेला कंडेन्सर कानशीनं कापला आणि उघडून माझ्यासमोर टाकला.

मी थक्क झाले. मला वाटलं होतं आत काहीतरी चाकं, तारा, निदान एखादं रसायन असेल. आत काय, तर कथलाच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये मेण पाजलेला कागद, सगळं मिळून गुंडाळलेलं. बस. एवढ्याशा गुंडाळीसाठी विलायतेची वाट बघायची?

मी म्हटलं, "हे तर मी करून देते."

हे हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

चहाच्या मोठ्या पेट्यांना आतून जे कथलाचं अस्तर असतं ते वाण्याकडून आणलं. पतंगाचा कागद वितळलेल्या मेणबत्तीच्या मेणात बुडवून वाळवला. पट्टी, कागद, पट्टी, कागद असे थर लावायचे, पण त्यात सुरकुती राहता कामा नये आणि हवाही अडकता कामा नये. म्हणजे लाटणंच फिरवायला हवं. एका मोडक्या मोटारीची काच पडली होती, मी तिच्यावर लाटायला बसले. पट्ट्या सरळ पसरायच्या, हलक्या हातानं लाटायच्या, घट्ट गुंडाळायच्या, दोऱ्यानं बांधून जुन्या नळीत घालायच्या आणि तोंड मेणानं बुजवायचं. पहिले काही वाया गेले. मग एक दिवस चट् असा आवाज झाला आणि हे कारखान्यातून उठून बाहेर जाऊन आले. आनंद झाला की ते असंच करायचे.

सासूबाई पडद्याआडून हे बघत होत्या. आमच्या सासूबाईंचे उडदाचे पापड आख्ख्या गल्लीत नावाजलेले. इतका पातळ पापड की त्यातून पलीकडचा माणूस ओळखावा. त्यांना माझं लाटणं बघवेना. "काय लाटस बाई तू? सरक," म्हणाल्या आणि आपला पोळपाट घेऊन बसल्या. तो पोळपाट त्यांच्या माहेरचा, सागाचा, मधोमध लाटून लाटून खोलगट झालेला. तो कधीही धुवायचा नाही असा त्यांचा नेम होता. पाणी लागलं की लाकूड फुगतं, फुगलं की पापड फाटतो. वर्षानुवर्षं तो फक्त तेलाच्या फडक्यानं पुसला जायचा. मी काचेवर लाटून बघा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प बसले. काचेवर काय लाटायचं? काच हाताला काय सांगते?

आणि खरं सांगायचं तर त्यांचे कंडेन्सर माझ्यापेक्षा सुबक व्हायचे. माझ्या गुंडाळीत कुठे ना कुठे पोट निघायचं, त्यांची गुंडाळी सरळसोट. आपला माल वेगळा ओळखू यावा म्हणून त्या लाल दोरा बांधायच्या. माझा पांढरा. हे तपासायचे तेव्हा लाल दोऱ्याची ठिणगी जास्त टपोरी पडायची आणि सासूबाई पडद्याआडून म्हणायच्या, "कोनता व्हता? लालच ना?" चैत्र-वैशाखात खानदेशच्या उन्हात अंगण तव्यासारखं तापलेलं, त्यात आम्ही दोघी सासू-सुना लाटत बसायचो. एकीकडे पापड वाळताहेत, एकीकडे मेणाचे कागद. गल्लीतल्या बायका विचारायच्या, औंदा हे कसले पापड? सासूबाई म्हणायच्या, मोटारीले खावाले.

भाऊजींच्या मोटारीला अर्थातच लाल दोऱ्याचा बसवला. मुलगा चालवतो म्हटल्यावर आईच्या हातचाच बसणार.

आषाढात मी माहेरी निघाले. भाऊजींचीच मोटार. मी त्यांच्या बरोब्बर मागच्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारी सावद्याचे एक केळीचे व्यापारी होते, त्यांची पिशवी मोटारभर आपटत होती. एरंडोलला पावसानं मोटार बराच वेळ उभी राहिली. बॉनेटच्या फटीतून आत पाणी गळत होतं. भाऊजींनी फडकं कोंबलं, मला दोन शेंगा आणून दिल्या, आणि सरी थांबल्यावर आम्ही निघालो. रस्ताभर ते गुणगुणत होते. माझ्या नाकाला दारूचा वास लांबून कळतो, तो त्यांच्या आसपास कुठेही नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते.

जळगाव आलंच होतं. पिंप्राळ्याजवळच्या रेल्वे फाटकात मोटार शिरली आणि इंजिन ठसकलं. पुन्हा ठसकलं. मग एकदा जोरानं फाट् असा बार झाला आणि सगळं शांत. मोटार रुळांवर आडवी उभी.

त्या शांततेत मला लांबून येणारी गाडी ऐकू आली.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर आजही तुकड्यातुकड्यांनीच येतं. फाटकवाला लाल निशाण घेऊन रुळांमधून धावत सुटला होता. भाऊजी हँडल मारत होते, मारत होते, इंजिन हूं की चूं करत नव्हतं. ते ओरडले, "बठ्ठा खाले उतरा! ढकला!" मी कशी उतरले मला माहीत नाही. माझी एक वहाण मोटारीतच राहिली. माणसं मागून ढकलत होती, व्यापारी पिशवी बगलेत धरून एका हातानं ढकलत होते, आणि मी पदर खोचून त्यांच्या शेजारी. मोटार हलली, अडली, पुन्हा हलली. ती पलीकडे गेली आणि मालगाडीचं इंजिन ब्रेकची किंचाळी फोडत आमच्या मागून गेलं. मोटारीच्या मागची शिडी त्यानं उखडून नेली. शिडीचा एक दांडा माझ्या पायांजवळ येऊन पडला. मी त्या दांड्याकडे बघत उभी राहिले.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण माणसाची भीती ओसरली की त्याला कोणीतरी गुन्हेगार हवा असतो. घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, ड्रायव्हर पिऊन आहे. बस, तेवढं पुरलं. पोलीस आला तोवर सगळ्यांना वास आला होता. आदल्या वर्षी आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, भाऊजी ताडी पिऊन गल्लीत गाणी म्हणत आले होते, हे धुळ्याच्या दोघा उतारूंना नेमकं आठवलं. मी घसा फोडून सांगत होते की मी मागेच बसले होते, ते प्यायलेले नाहीत. पोलीस म्हणाला, तुम्ही त्यांच्या घरच्या ना? मग झालं. भाऊजींच्या शर्टावरचा बिल्ला त्यानं माझ्या डोळ्यांदेखत काढून घेतला. पुढच्या आठवड्यात जळगावला मोटारींच्या साहेबांपुढे चौकशी व्हायची होती. तिथे प्यायलेले ठरले तर बिल्ला कायमचा गेला.

मोटार दुसऱ्या मोटारीला बांधून धुळ्याला आणली, मीही माहेरी न थांबता परत आले. यांनी कंडेन्सर काढला आणि भट्टीशेजारच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या इंजिनावर नेऊन तो तपासला. मी पडद्यात उभी होते, भाऊजी खांबाला टेकून. यांनी टोक पत्र्याला लावलं.

चट्. टपोरी, निळी ठिणगी.

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. हे पुन्हा पुन्हा तपासत होते, आणि तो मेला पुन्हा पुन्हा ठणठणीत असल्याची ग्वाही देत होता. बाकी मोटारीतही खोट सापडेना. यांनी भावाकडे पाहिलंही नाही. बोलल्या त्या सासूबाई.

"तू पिएल व्हता. माले शिकाडू नको."

"नही माय. तुनी आन, मी थेंबबी पिधा नही. गाडी आपोआप बंद पडनी."

"मना हातना माल खोटा नही. तूच खोटा."

भाऊजी खांबापासून बाजूला झाले. आईच्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिले. मग बाहेर गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी घरात जेवणं सोडलं. कारखान्यात गोणपाटावर पडून राहायचे. मी भाकरी बांधून नेऊन द्यायचे तेव्हा विचारायचे, कोणी टाकली? मी टाकली म्हटलं तरच खायचे. माझा इतका संताप झाला होता! सख्ख्या आईनं पत्र्याच्या नळीचं खरं मानावं आणि पोटच्या पोराचं खोटं? मी सासूबाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तू त्यानी वकील." आणि पाठ फिरवून बसल्या. पण ताटावर बसल्या की त्यांचाही घास हातात राहायचा, ते मला दिसत होतं.

आषाढ संपत आला होता. आमच्याकडे आषाढात तळण करतात. मी पापडांचा डबा काढला तर वरचे पापड सादळून चामड्यासारखे झालेले. मोडेनात, नुसते वाकत होते. ते चुलीच्या कडेला उभे करून ठेवले आणि पोळपाट घ्यायला गेले. माझी काच भिंतीशी उभी होती, कोरडी. शेजारी सासूबाईंचा पोळपाट. त्याच्या मधल्या खोलगट भागाला घाम फुटला होता. खरंच घाम. बोट फिरवलं तर ओलं. कोणी पाणी सांडलं नव्हतं, छप्पर गळत नव्हतं. मी बोट जिभेला लावलं.

खारट. नुसतं मीठ नाही, जिभेला चरचरणारा पापडखार.

मी तिथेच खाली बसले. चुलीकडे पाहिलं, तर कडेचे पापड पुन्हा कडक होऊन टोकं वर करत होते. पापडखार पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो, हे कोणत्या बाईला माहीत नाही? आणि ज्या पोळपाटात इतक्या वर्षांचा खार मुरला आहे, जो कधीच धुतलेला नाही, त्याच्यावर लाटलेल्या कागदाला तो लागणार नाही होय? उन्हाळ्यात काही कळलं नाही. पावसाळ्यात तोंडाच्या मेणाच्या फटींतून दमट हवा शिरली, आतला कागद सादळला, त्यातून वीज गळली, आणि भट्टीशेजारी वाळला तसा पुन्हा ठणठणीत झाला. पापडासारखाच.

मी ओल्या हातांनीच कारखान्यात धावले. यांना आधी काही कळेना, मग त्यांच्या हातातला पाना खाली पडला. लाल दोऱ्याचे दोन आणि पांढऱ्या दोऱ्याचे दोन कंडेन्सर मी ओल्या फडक्यात गुंडाळून पावसाकडच्या खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासले. पांढरे चट् चट् वाजले. लाल दोन्ही मुके. त्यातला एक भट्टीजवळ ठेवला, तासाभरानं तोही वाजला.

हे डोक्याला हात लावून बसले. "आईच्या हातचे," एवढंच म्हणाले. मग छत्रीही न घेता बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या मोटारी गाठून लाल दोऱ्याचे कंडेन्सर काढत, पांढरे घालत फिरले. भिजून आल्यावर मला म्हणाले, "चौकशीत हे सांगितलं तर उद्या कोण माझ्याकडे मोटार आणेल? आणि न सांगितलं तर तो..." त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी म्हटलं, तुमचा कारखाना पुन्हा उभा राहील, त्यांचा बिल्ला पुन्हा मिळणार नाही. त्यांनी लाल दोऱ्याचा एक कंडेन्सर पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

सासूबाईंना मीच सांगितलं. भांडायची तयारी करून गेले होते. पोळपाट त्यांच्यापुढे ठेवला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी पोळपाटाच्या मधोमध बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग पोळपाट मांडीवर ओढून घेतला.

चौकशीच्या दिवशी सकाळी भाऊजींचीच मोटार घेऊन, हे चालवत, आम्ही जळगावला निघालो तेव्हा त्या लुगड्याच्या पदराखाली काहीतरी धरून मोटारीत येऊन बसल्या. हे नको म्हणाले, त्यांनी ऐकलंच नाही.

साहेब पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ होते. केळीच्या व्यापाऱ्यांनाही साक्षीला बोलावलं होतं. साहेबांनी विचारायला सुरुवात करण्याआधीच सासूबाई पुढे झाल्या आणि पदराखालचा पोळपाट काढून त्यांनी थेट टेबलावर, साहेबांच्या कागदांवर ठेवला. मला वाटलं जमीन दुभंगावी. शिपाई धावला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब, हात लाईसन देखा. ओला शे. मना पोऱ्या पिएल नव्हता. हाऊ पोळपाट खोटा शे, मना हात खोटा शे. मी त्याले खोटा ठराया, आते मी सांगस ते आयका."

भाऊजी दाराशी उभे होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

साहेब हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. त्यांनी पोळपाटाला हात लावला, ओल्या बोटांकडे पाहिलं आणि यांना म्हणाले, दाखवा. कचेरीपुढे त्यांची स्वतःची मोटार होती. यांनी ओल्या फडक्यातला लाल दोऱ्याचा कंडेन्सर तिला लावला. मोटार सुरू झाली, ठसकली, एकदा फाट् असा बार झाला आणि बंद पडली. तोच बार! व्यापाऱ्यांनी दचकून पिशवी छातीशी धरली. तोच कंडेन्सर समोरच्या चहावाल्याच्या शेगडीजवळ वाळवून पुन्हा लावला, तर मोटार तक्रार न करता चालत राहिली. साहेबांनी व्यापाऱ्यांना विचारलं, दारूचा वास तुम्हाला स्वतःला आला होता का? ते म्हणाले, आला नव्हता, लोक म्हणाले म्हणून मीही म्हणालो. किती सहज म्हणाले! जसं काही एखाद्याचा बिल्ला म्हणजे केळीचं साल.

बिल्ला परत मिळाला. साहेबांनी यांना घरी केलेले कंडेन्सर पावसाळी हवेत तपासल्याशिवाय बसवायचे नाहीत अशी सक्त ताकीद दिली, ती योग्यच होती. भाऊजींनी बिल्ला शर्टाला लावला. आईकडे पाहिलं नाही, आईनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोळपाट पुन्हा पदराखाली गेला.

परतीला मोटार भाऊजींनीच घेतली. तिला आता पांढऱ्या दोऱ्याचा, माझ्या हातचा कंडेन्सर होता. बारीक पाऊस पडत होता. सासूबाई मागच्या बाकावर माझ्याजवळ बसल्या होत्या. पिंप्राळ्याचं फाटक दिसलं तसा भाऊजींनी वेग कमी केला. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला मागून दिसत होत्या. फाटक उघडं होतं, तरी ते अलीकडे थांबले. हात चाकावर, पण पुढे जाववेना.

"दार उघाड," सासूबाई म्हणाल्या.

त्या उतरल्या. मला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्या, चालत ओलांडतील. त्या चालत गेल्या, पण पलीकडे गेल्या नाहीत. मोटारीला जायला जागा सोडून, रुळांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे तोंड करून त्यांनी हात वर केला. ये.

फाटकवाला ओरडायला लागला. मी उठले, तर यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. सासूबाई पावसात उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर भिजून चिकटलेला, हात अजून वर. त्या रुळांकडे बघत नव्हत्या, गाडी येते का तेही बघत नव्हत्या. फक्त मुलाकडे बघत होत्या. आणि माझ्या मनात एकच होतं, माझी गुंडाळी, माझी काच, माझं मेण. देवा, आता तरी सादळू नकोस.

भाऊजींनी मोटार पुढे घेतली. पहिल्या रुळावर चाक चढलं. मधे इंजिनानं एकदा ठसका दिला. मग ते पुन्हा सुरळीत झालं. मोटार सासूबाईंच्या शेजारून गेली, रूळ ओलांडून पलीकडच्या मातीवर उतरली, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली केला आणि जागची पावलं उचलली.

त्या येऊन मोटारीत चढल्या. या वेळी मागे आल्या नाहीत, पुढे, मुलाच्या शेजारी बसल्या. भिजलेल्या पदरानं तोंड पुसलं.

मग त्या म्हणाल्या, "घर चाल. भाकर टाकस मी."

भाऊजींनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "दोन टाक, माय," ते म्हणाले.